मदत तर करताच आहात, मग शिकायचं काय?

नमस्कार ताई,
मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आम्ही कोकणा आदिवासी. वय २७. बारावीनंतर सातपूरला कंपनीत लागलो, कंत्राटी ऑपरेटर आहे. नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आमच्याकडचं कुणीही नाशिकला सिव्हिल हॉस्पिटलला आलं की सीबीएस बसस्थानकाला उतरून आधी मला फोन लावतं. केसपेपर, सोनोग्राफीची तारीख, योजनेची कागदपत्रं, रक्ताची पिशवी, सगळं करत करत शिकलो. रात्रपाळी उतरून तिथंच जातो. आता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी असं मनात आहे. वडील म्हणतात, हे तू करतोसच, त्यासाठी दोन वर्षं शाळा कशाला? कंपनीतला मित्र म्हणतो, शिकून बाहेर पडशील आणि इथल्यापेक्षा कमी पगारावर राबशील. अजून एक. नात्यातली एक बहीण दवाखान्यात असताना मला बोलली होती की नवरा मारतो. मी तिच्या भल्यासाठी तिच्या भावाला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काय करू?
– एक वाचक, सातपूर

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातलं, ती बहीण ओळखू येईल असं सगळं मी काढून टाकलं आहे. पत्र तीनदा वाचलं. आधी पगार आणि पदवी यांवरच नजर जात होती. तिसऱ्यांदा ‘अजून एक’ या शब्दांपाशी थांबले. जाता जाता जोडलेल्या त्या चार ओळींतच तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

पण आधी एक सांगू द्या. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की योजनेच्या टेबलापाशी माणूस कसा अडकतो, हे तुम्हाला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. रक्तपेढीत कुठल्या वेळी कोण भेटतं, पेठला जाणारी शेवटची एसटी चुकली तर आजारी बाईला आणि तिच्या सासूला रात्री कुठं टेकायला जागा मिळेल, हे तुम्ही स्वतःच्या पायांनी मिळवलेलं ज्ञान आहे. मी या कामात तीस वर्षं काढली. एमएसडब्ल्यू होऊन नव्यानं आलेल्या मुलामुलींना हे समजायला पहिलं वर्ष जातं. तुमच्याकडे ते आजच आहे, आणि त्याचं मोल कुणाच्या बोलण्यानं कमी होऊ देऊ नका.

आता ती बहीण. भावाला सांगितल्यावर पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी असे प्रसंग बरेच पाहिले आहेत, त्यावरून अंदाज करते. भाऊ तावातावानं गेला असेल. दम दिला असेल, कदाचित हातही उचलला असेल. मग संध्याकाळी तो आपल्या घरी परतला असेल. ती मात्र त्याच घरात राहिली, त्याच माणसासोबत, आणि आता त्याला हेही माहीत होतं की ही बाहेर बोलते. तुमचा हेतू चांगलाच होता. पण तिनं जे फक्त तुमच्या हातात ठेवलं होतं ते तिला न विचारता दुसऱ्याच्या हातात गेलं, आणि त्याचा भार तिच्या एकटीवर पडला.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या हातून हेच झालं आहे.

मी शिकाऊ होते, पहिल्याच वर्षाला. एका रुग्णालयाच्या टीबी वॉर्डात माझं फील्डवर्क होतं. तिथं एक नवी नवरी दाखल होती, विशीतली. तिनं घरी ‘छातीत कफ झालाय’ एवढंच सांगितलेलं. मला मात्र सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, ‘सासरी कळू देऊ नका.’ मला वाटलं, नवऱ्याला कळलं तर तो तिला दूध-अंडी देईल, गोळ्या चुकू देणार नाही. भेटीच्या वेळी तो खाली चहाच्या टपरीवर उभा होता, तिथं गाठून मी त्याला समजावून सांगितलं. तो मान डोलावत ऐकत राहिला. मला फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात गेले तर तिची खाट रिकामी होती. सासरच्यांनी डिस्चार्ज घेऊन तिला माहेरी नेऊन सोडलं होतं. माहेरचा पत्ता रजिस्टरमध्ये अर्धाच होता. तिच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांतला जेमतेम एक महिना झाला होता.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कमध्ये काय घडलं त्याची नोंद, मी लिहून दिलं. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी ‘मी तिच्या पतीस विश्वासात घेतले’ या माझ्या वाक्याखाली लाल पेनानं रेघ मारली होती आणि शेजारी तीन शब्द लिहिले होते: हे कुणी ठरवलं? त्या रागावल्या नाहीत. वही पुढ्यात ठेवून त्यांनी मला तासभर बोलू दिलं. त्या बोलण्यातून माझं मलाच दिसलं की मी तिच्यासाठी काही केलंच नव्हतं. तिची भीती मला सोसवत नव्हती, म्हणून मी ती उचलून दुसऱ्याच्या ओंजळीत टाकली होती. ती वही माझ्याकडे अजून आहे.

तुमच्या वडिलांना सांगायचं झालं तर मी हे सांगेन. मुलाला मदत करता येते, त्याला कुणी ते शिकवायची गरज नाही. पण समोरच्याचं दुःख ऐकल्यावर आपले हात शिवशिवतात, आणि त्या घाईत आपण त्याच्या वतीनं ठरवून टाकतो. ते हात आवरायचे कसे, हे शिकावं लागतं. आपल्याकडे ही विद्या १९३६ पासून शिकवली जाते, मुंबईत टाटांच्या नावानं जी संस्था उभी राहिली तिथून तिची सुरुवात झाली. पुस्तकात त्याला स्वयंनिर्णय, गोपनीयता, स्वीकार अशी नावं आहेत. परीक्षेला ती पाठ करून लिहिता येतात. अंगात मात्र ती फील्डवर्कमध्येच मुरतात, आणि तीही चुका करूनच.

म्हणून एमएसडब्ल्यूकडे बघताना तुम्ही पदवीच्या कागदापेक्षा फील्डवर्क कसं आहे ते बघा. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी एखाद्या एजन्सीत असतो. एजन्सी म्हणजे रुग्णालय, बालगृह, शाळा, वस्ती, एखादी संस्था, जिथं नेमणूक होईल ते. गेल्या दिवशी काय घडलं, कोण काय बोललं, आपण काय केलं आणि का केलं, हे लिहून काढायचं. त्यावर पर्यवेक्षकासोबत दर आठवड्याला एकट्यानं बसायचं, त्याला मुलं ‘आयसी’ म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. शिवाय ग्रामीण शिबिर असतं आणि शेवटी महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच ठिकाणी सलग काम. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, समाजकल्याण प्रशासन हे विषय वर्गात होतात. पण तुम्ही कॉलेज निवडायला जाल तेव्हा इमारत आणि निकाल बघून येऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा आणि एवढंच विचारा: तुमच्या रेकॉर्डिंगवर सर-मॅडम लिहितात का, की नुसती सही करतात? आयसी खरंच होते का? उत्तर देताना ते एकमेकांकडे बघून हसले, तर ते कॉलेज सोडा.

नाशकातच मविप्र (मराठा विद्या प्रसारक) समाजाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, तिथून सुरुवात करा. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, १९६३ पासूनची. टाटा संस्थेचं तुळजापूरचं केंद्र खास ग्रामीण भागाच्या कामावर भर देतं. तुमच्यासारख्या मुलानं तिथला विचार जरूर करावा. तिथं सीयूईटी-पीजी ही देशभरातली सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि शिकवणं बऱ्याच अंशी इंग्रजीतून असतं. घाबरू नका, पण आजपासून रोज इंग्रजीचं एक पान वाचायला घ्या. नोकरी सोडणं अगदीच अशक्य झालं तर इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे, त्यातही फील्डवर्क सक्तीचं असतं. तरीही तो मार्ग मी तुमच्यासाठी दुसरा ठेवेन. वाचून समजणारा भाग तुम्ही कसाही भरून काढाल. शेजारी बसून ‘हे कुणी ठरवलं?’ असं विचारणारं माणूस तुम्हाला हवं आहे, आणि ते दूरस्थ शिक्षणात नशिबानं मिळतं.

गोपनीयतेची एक कडाही याच शिक्षणात कळते, आणि ती तुम्हाला आत्ताच ठाऊक हवी, कारण लोक तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला आहे असं कळलं तर ते पोटात ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनचीही मदत घेता येते. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तेव्हाही गप्प बसायचं नसतं. पण अशा वेळीसुद्धा आधी त्या माणसाला सांगायचं, ‘हे मला पुढं सांगावं लागेल, कुणाला आणि का ते तुला सांगते,’ आणि मगच उठायचं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत आणि माझ्या त्या नवरीच्या बाबतीत हीच पायरी राहून गेली.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. तो खोटं बोलत नाही. या क्षेत्रात सुरुवातीच्या पगाराला पगार न म्हणता मानधन म्हणतात, त्यातच सगळं आलं. सरकारी प्रकल्पांत अकरा महिन्यांचे करार असतात. संस्थांत प्रकल्पाचा निधी संपला की माणूसही मोकळा होतो. रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, ही चांगली पदं आहेत, पण जागा थोड्या आणि भरती केव्हा निघेल याचा भरवसा नाही. बाल संरक्षण कक्ष, एड्स नियंत्रणातले समुपदेशक, उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीची कामं, इथं जागा जास्त निघतात. हे सगळं मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही, कारण घरी पैसे पाठवायचे असतील तर पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होईल.

पण मित्राला एक विचारा. तुम्ही आज आहात ते तरी कुठं कायम आहात? सहा-आठ वर्षं मशीनवर काढूनही पत्रात तुम्ही स्वतःला ‘कंत्राटी’ लिहिलंत. दोन्हीकडे कंत्राटच असेल तर निदान कुठल्या कामात दहा वर्षांनी तुमची किंमत वाढलेली असेल, हे बघायला हवं. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याही कॉलेजात मिळत नाही, ती म्हणजे तुमची बोली. सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टर मराठीत विचारतात, आजीबाई नुसतं ‘हां’ म्हणते, आणि काय चाललंय ते दोघांनाही कळत नाही, हे तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. घरच्या बोलीत विचारल्यावर तीच आजी दहा मिनिटं बोलते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, कळवण या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला असा माणूस हवा असतो, आणि त्याला शिक्षणाची जोड असली तर त्याला निरोप्या म्हणून वापरून घेता येत नाही. हे शेवटचं मी विचार करून लिहिते आहे. आपल्या भागातल्या हुशार मुलांना दुभाषे आणि वाटाडे करून ठेवायचं आणि निर्णयाच्या खुर्चीवर बाहेरचं माणूस बसवायचं, हे मी फार पाहिलं आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

शिक्षणानं अजून एक होईल, तुमच्या धावपळीचा आकार बदलेल. आज तुम्ही एकेका माणसामागे पळता. एक वही करा. कोण आलं, कुठून, कशासाठी, आणि हे काम गावातच झालं असतं का, एवढंच लिहा, नावं नकोत. तीन महिन्यांनी वाचा. समजा चाळीसपैकी पंधरा जण कार्डावरच्या नावाच्या घोळामुळे अडकलेले निघाले. मग पंधरा वेळा योजनेच्या टेबलापाशी हात जोडण्यापेक्षा ग्रामपंचायतीला आणि तहसीलच्या पुरवठा शाखेला धरून पाड्यावर एक दिवसाचं शिबिर लावता येईल. आजारी पडायच्या आधीच कागद सरळ. यालाच समुदाय संघटन म्हणतात आणि तुमच्या भागाला ते नवीन नाही. २०१८ च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी नाशिकहून ६ तारखेला निघून १२ तारखेला आझाद मैदानात पोचलेल्या लाँग मार्चमध्ये तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी चाललं असणारच. त्यांच्याजवळ बसून विचारा, एवढी माणसं एका वेळी निघाली कशी? घरोघर कोण फिरलं, भाकरी कुणी बांधल्या, गुरं कुणाच्या भरवशावर सोडली? वर्गात हा विषय निघेल तेव्हा सांगण्यासारखं तुमच्याजवळच सगळ्यांपेक्षा जास्त असेल.

राजीनामा आत्ताच देऊ नका. आधी जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते बघा, नसेल तर याच आठवड्यात अर्ज करा, त्याला वेळ लागतो. मग नाशिकच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, मुलांचं शासकीय वसतिगृह, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. प्रत्येकासाठी वयाची, उत्पन्नाची आणि शिक्षणातल्या खंडाची अट काय आहे ते तिथल्या माणसाकडून समजून घ्या आणि लिहून आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो. हे हिशेब हातात आले की वडिलांशी बोला. ‘मला समाजसेवा करायची आहे’ असं म्हणू नका, त्यानं त्यांच्या डोळ्यांपुढं फुकटचं काम येतं. ‘फी एवढी, शिष्यवृत्ती एवढी, घरी दोन वर्षं एवढे कमी पाठवीन’ असं सांगा. शेती करणाऱ्या माणसाला हंगामाचा हिशेब समजतो.

आणि या दोन महिन्यांत एक रविवार पाळी बदलून मागा आणि ज्या कामाची ओढ वाटते तिथल्या एखाद्या कार्यकर्तीसोबत दिवसभर फिरा. बोलू नका, फक्त बघा. संध्याकाळी थकवा आला तर हरकत नाही. कंटाळा आला तर मात्र मला पुन्हा लिहा.

शेवटी ती बहीण. तिच्याकडे जायला हवं, पण घाई नको आणि तिच्या घरी तर नकोच. ती माहेरी आली असेल, बाजाराला किंवा अंगणवाडीत आली असेल, आसपास सासरचं कुणी नसेल, तेव्हा. तुम्ही पुरुष आहात, तुमच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर त्याचाही त्रास तिलाच होईल, म्हणून तुमच्या आईला किंवा तिच्या विश्वासातल्या आशाताईला सोबत घ्या. आशाताईला कारण सांगू नका. भेटल्यावर समर्थन करू नका. ‘तुला न विचारता मी सांगितलं, ते चुकलं,’ एवढं पुरे. मग विचारा, आत्ता घरी कसं आहे? रात्री वेळ आली तर जवळच्या कुणाच्या घरात शिरता येईल? आधार, रेशनकार्ड, मुलाचा दाखला, थोडे पैसे एका पिशवीत कुठं ठेवता येतील?

तिनं ऐकून घेतलं तर सांगा की १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवावर आलं तर ११२. जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर आहे, हिंसा सोसणाऱ्या बायकांना तिथं एकाच ठिकाणी मदत मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तिला मारहाण थांबवण्याचा आदेश मागता येतो, आणि नवऱ्याचं घर सोडून जावंच लागेल असं नाही, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिच्या फोनमध्ये नंबर ठेवायचा झाला तर तिलाच विचारा कुठल्या नावानं ठेवू, आणि नवरा फोन बघतो का तेही.

ती म्हणेल, ‘मला काही करायचं नाही.’ तसं म्हणाली तर तसंच. तुमचा फोन चालू आहे एवढं तिला सांगा आणि परत या. आणि या वेळी तिचं बोलणं कुणालाही सांगू नका, मलाही लिहून कळवू नका.